काशीराम डावीकडेच का झुकतो?

१

पैज लागली धोंडिरामच्या सलूनमध्ये, आणि लागली तीही एकदम फालतू गोष्टीवरून. म्हणजे त्या दुपारी तरी सगळ्यांना ती फालतूच वाटली.

पितृपक्षात केस कापायला कोण मरायला येतो? म्हणून धोंडिराम आरशासमोरच्या खुर्चीत स्वतःच पाय पसरून बसला होता, आणि मागच्या बाकड्यावर तुळशीदास आणि रामनाथ पेपरच्या एकाच पानावरून भांडत होते. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या चाळीत तुळशीदासला ओळखत नाही असा माणूस नव्हता. पन्नाशीला टेकलेला, लग्नामुंजीचे मांडव घालायचा धंदा, डोक्यावर कुरळ्या केसांचा तेल लावून बसवलेला तुरा, आणि अंगात नुसत्या खोड्या. एकदा त्याने नळावर पाटी लावली होती की उद्यापासून सकाळी गरम पाणी येईल. अर्धी चाळ दुसऱ्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून हजर. बायका महिनाभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

तर आरशात काशीराम दिसला. पायऱ्या चढत होता. एक हात भिंतीला, मान खाली. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर त्याची चप्पल पायातून निसटली. पठ्ठ्याला पत्ताच नाही. तसाच एका पायात चप्पल, एक पाय उघडा, झोकांड्या देत वर निघून गेला.

तुळशीदास म्हणाला, "घेतलीय साल्याने."

रामनाथने पेपर खाली ठेवला. तो आणि काशीराम एकाच गावचे, एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले. संपात दोघांची नोकरी गेली. रामनाथ नाहूरला एका कारखान्यात वॉचमन झाला आणि काशीरामच्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आणि दिवसभरात एक पेला पाणी, तेही घोट घोट करून. बायकोने, शेवंतीने, त्यासाठी एक वेगळा पितळी पेला ठेवला होता.

"काशी नाय घेत रे," रामनाथ म्हणाला. "पूर्वी घ्यायचा. आता थेंब नाय."

"लाव पैज."

"लाव. काय लावतोस?"

तुळशीदासने इकडेतिकडे बघितलं, वस्तरा दिसला. हरेल त्याने भर चौकात, चाळीसमोर, टक्कल करून घ्यायचं. रामनाथने हातावर हात मारला. धोंडिराम खुर्चीतूनच म्हणाला की तुळशीदासच्या तुऱ्यासाठी मी वस्तऱ्याला आत्तापासून धार लावतो.

बाटली कुठे लपवलीय ते शोधून दाखवतो, असं सांगत तुळशीदास चाळभर फिरला. रात्रीपर्यंत बातमी सगळ्यांकडे पोचली होती. काशीराम परत प्यायला लागला.

सकाळी नळावर पहिली गेली ती शेजारची मंजुळा. तिने बघितलं तर काशीराम मोरीत आडवा, तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि किती हलवला तरी डोळे उघडेनात.

२

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शेवंती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी तिचा भाऊ चंदू, तो नेहमी काशीरामला मशीनला घेऊन यायचा. रामनाथ खांबाजवळ. तुळशीदास जरा लांबच, कारण वॉर्डातल्या आयांपर्यंतही एव्हाना बातमी गेली होती की हा पेशंट पितो. मोठ्या डॉक्टरांनी तेच धरून ठेवलं होतं. दारूडा माणूस, त्यात किडनीचं विष चढलंय, आता देवाचं नाव घ्या.

मशीनच्या खात्यातली डॉक्टर क्षमा मात्र तसं म्हणाली नाही. लहानखुरी पोरगी, डोळ्याखाली काळं. तिने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सरळ सांगितलं.

"किडनीच्या पेशंटला डोक्यात रक्तस्राव होतो, आम्ही बघतो. बीपी चढलेलं असतं, रक्त लवकर गोठत नाही, आणि मशीनवर आम्ही स्वतःच रक्त पातळ करायचं औषध देतो. प्रश्न एवढाच की रक्त आलंय कुठे. मेंदूत खोल नस फुटली असेल तर माझ्या हातात काही नाही. पण डोक्याला मार लागून कवटीच्या खाली हळूहळू झिरपलं असेल, तर भोक पाडून बाहेर काढता येतं. माणूस उठून बसतो. म्हणून नीट आठवून सांगा. पडले होते? कुठे आपटले? कोणी मारलं?"

शेवंतीने मान हलवली. नाही. चंदूने सांगितलं, नाही. रामनाथ म्हणाला, काशीला कोण मारणार, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

डॉक्टर क्षमाने उसासा टाकला. डोक्याचा फोटो काढायचं मशीन शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात होतं, तिथे रांग, आणि अशा अवस्थेत हलवलं तर वाटेतच काही होऊ शकतं. काही कारण दाखवल्याशिवाय मोठे डॉक्टर सही करणार नव्हते. आणि उद्या काशीरामची मशीनची पाळी. मशीन टाळली तर विष चढणार, लावली तर रक्त पातळ करायचं औषध अंगात जाणार. आज संध्याकाळपर्यंत ठरवायला हवं होतं.

डॉक्टर गेली. शेवंतीने पहिल्यांदाच तुळशीदासकडे बघितलं.

"तूच सांगत फिरलास ना, माझो घोव पितो म्हणून? जा. बाटली आण. बाटली घेऊन ये नि मग मी मानीन की हे मरणारच होते." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आणि नाय मिळाली तर तुझं तोंड मला परत दाखवू नको."

तिने कनवटीची किल्ली काढून त्याच्या पायाशी टाकली.

३

दहा बाय दहाची खोली. तुळशीदासने आयुष्यात इतके मांडव घातले, इतक्या लग्नांत दारूडे काकामामा दंडाला धरून बाहेर काढले, की बाटली कुठे लपवतात हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पिठाचा डबा. पाटाखाली. देव्हाऱ्याच्या मागे, कारण तिथे बायका संशय घेत नाहीत. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत.

बाटली कुठेच नव्हती. रिकामी नाही, अर्धी नाही, बूचसुद्धा नाही.

ट्रंकेच्या तळाशी मात्र रुमालात बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. चला, पावशेर तरी निघाली, असं म्हणत त्याने गाठ सोडली. आत मडक्याची खापरी. तळहाताएवढी, गेरूने रंगवलेली, वर चुन्याचे पांढरे ठिपके.

असली खापरी कोण कशाला जपून ठेवेल? तुळशीदासने ती खिशात टाकली आणि खाली बसला.

समोर दारात काशीरामच्या चपला होत्या, पायरीवर राहिलेलीही कोणीतरी आणून ठेवलेली. उजवी चप्पल नीट. डावीचा पुढचा तळ घासून घासून कागद झालेला. त्याने उठून गॅलरीतल्या भिंतीकडे बघितलं. खोलीपासून जिन्यापर्यंत, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, चुना पुसला गेला होता. येताना डाव्या हाताला पडते त्याच भिंतीवर. समोरच्या कठड्याला एक ओरखडा नाही. जाताना शेवंती त्याला धरून खाली सोडायची, वर येताना तो एकटा असायचा.

तुळशीदास तिथेच उभा राहिला. दारूडा उजवीकडे जातो, डावीकडे जातो, मधेच मागे येऊन तुम्हाला मिठी मारतो. जो माणूस रोज फक्त डावीकडेच झुकतो, तो प्यालेला नसतो.

मग त्याला काय झालंय?

४

चंदू हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर सापडला. तुळशीदासला बघून त्याने ग्लास खाली आपटला, पण बोलला. बहुतेक कोणाशी तरी बोलायला हवंच होतं त्याला.

दारूचं विचारशील तर ऐक, चंदूने सांगितलं. मशीनवर घ्यायच्या आधी भावजींना काट्यावर उभं करतात. पाणी जास्त झालं की वजन वाढतं आणि डॉक्टर झापतात. गेल्या तीन-चार खेपांत वजन जिथल्या तिथे. पेल्याबाहेर घोटभर जरी आत गेला असता तरी काट्याने चुगली केली असती.

"मग झोकांड्या कधीपासून?"

"गणपती बसले तेव्हा डोकं दुखायचं म्हणायचा. मग हातातून वाटी पडायला लागली. आम्ही म्हटलं, कमजोरी." चंदूने ग्लास परत उचलला. "एक विचित्र होतं यार. आधी मशीनवरून आला की दोन दिवस झकास असायचा. आता मशीनवरून आला की जास्त बिघडायचा. गेल्या खेपेच्या रात्री तर आपल्या बायकोचं नाव विसरला."

तुळशीदासच्या डोक्यात डॉक्टरचं वाक्य वाजलं. मशीनवर आम्ही स्वतःच रक्त पातळ करायचं औषध देतो. विष चढलं असतं तर मशीनने उतार पडायला हवा होता. इथे प्रत्येक मशीननंतर गडी खाली खाली चालला होता. म्हणजे आत कुठेतरी गळती होती, आणि दर खेपेला तिचं तोंड मोठं होत होतं.

मार लागलाच होता. कोणालातरी माहीत होतं. आणि तो माणूस गप्प होता.

जाताजाता चंदूने आणखी एक सांगितलं. घरात गेल्या महिन्यात मोठं भांडण झालं होतं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी भावजींच्या बनियनला आंबट दह्याचा वास आला. किडनीमुळे दही त्याला बंद. शेवंतीने त्याच दिवसापासून मंजुळाशी बोलणं तोडलं, कारण चाळीत दही विरजते ती मंजुळाच.

५

मंजुळा तांदूळ निवडत होती. तुळशीदास दारात दिसताच तिने सूप आडवं धरलं. मस्करी करायची असेल तर आज नको हां, आज मी हाताने मारीन.

त्याने खापरी तिच्यासमोर ठेवली. तिने ती बघितली आणि तिचे हात थांबले.

शेवंतीला वाटतं की मी तिच्या नवऱ्याला दही चारलं, ती म्हणाली. देवाशपथ, एक चमचा दिला नाही. दही माझं होतं, पण नेलं रामनाथने. गोपाळकाल्याला मागून नेलं, मोठा कटोरा भरून. मी विचारलं, अरे कशाला, तर म्हणाला की आम्हा म्हाताऱ्यांचा काला आहे, बायकांनी बघायचा नाही.

तुळशीदास त्या दिवशी मुलुंडला होता. दोन मोठ्या मंडळांची हंडी बांधायचं काम, रात्री परत आला तो दमून आडवाच झाला. चाळीत काय झालं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तो मागच्या गल्लीत गेला. चाळीची पाठ आणि टेकडीचा कातळ यांच्या मधली ती अरुंद जागा, जिथे तुटक्या खाटा आणि जुने पिंप टाकतात. वर दोन खिळ्यांना सुतळीचा तुकडा अजून लटकत होता. तुळशीदासने खालून अंदाज घेतला. इतक्या खाली हंडी कोण बांधतं? एका माणसाच्या खांद्यावर दुसरा बसला की डोकं टेकेल.

डोकं.

तुळशीदास पळत सुटला. लोकांनी वाट दिली नाही, कारण त्याला पळताना बघितलं की लोक आधी आपले खिसे तपासायचे आणि मग हसायचे.

६

कॉरिडॉरमध्ये पोचला तेव्हा त्याला नीट श्वासही घेता येत नव्हता. "हंडी," तो एवढंच म्हणाला. "हंडी लागलीय त्याला."

चंदूने उठून त्याची कॉलर धरली. इथेपण तुझी नाटकं? शेवंतीने तोंड फिरवलं. ज्या माणसाने आयुष्यभर चाळीला येडं बनवलं, त्याच्यावर आज कोण विश्वास ठेवणार? तुळशीदासला कळलं की आपण कितीही ओरडलो तरी उपयोग नाही. हे एकाच माणसाच्या तोंडून यायला हवं.

त्याने कॉलर सोडवली, खांबाजवळ गेला आणि रामनाथच्या हातात ती खापरी ठेवली.

"ट्रंकेत मिळाली. रुमालात बांधून ठेवली होती त्याने. रामनाथ, डॉक्टरने मार लागला का विचारलं, तू नाही म्हणालास."

रामनाथने खापरी उलटसुलट करून बघितली. "मार? हंडीला मार म्हणतात? आयुष्यभर डोक्याने फोडली रे आम्ही. कोणाला काय झालं?"

मग त्याला बोलतं करावं लागलं नाही. गिरणीत असताना त्यांचं गोविंदा पथक होतं, लालबागपर्यंत नाव. काशीराम सगळ्यात खालच्या थरात, खांद्यावर अख्खं पथक घेऊन उभा राहायचा. वरचा माणूस हंडी हाताने फोडायचा नाही, डोक्याने फोडायचा. तो मान काशीरामला कधीच मिळाला नाही, कारण तो सगळ्यात वजनदार. या वर्षी काशी म्हणाला, पुढच्या अष्टमीला मी असेन का रे? मग चार जुन्या लोकांनी मागच्या गल्लीत गुपचूप हंडी बांधली. आता सगळ्यात हलका तोच होता. रामनाथनेच त्याला खांद्यावर घेतला.

"उचलला तर हाताला काय लागलंच नाय. नुसती हाडं." रामनाथने खापरी मुठीत धरली. "एका फटक्यात फोडली त्याने. वरचा नारळ सुटला तो टाळूवर आला. टण्‌कन वाजला. आम्ही हसलो. तो पण हसला. रक्त नाय, टेंगूळ नाय. म्हणाला, शेवंतीला कळलं तर ती मला जिता ठेवणार नाय. गावच्या रवळनाथाची शपथ घातली आम्हाला. वहिनी, मला वाटलं, दह्याचंच पाप लपवतोय मी."

मग शेवंती उठली. तिने रामनाथला ओलांडलं, तुळशीदासला ओलांडलं, आणि मशीनच्या खात्याचं दार दोन्ही हातांनी ढकलून आत गेली.

डॉक्टर क्षमाने तिचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. टाळूवर नारळ, गणपतीच्या आधी, मग डोकेदुखी, मग डाव्या हातातून वाटी पडणं, मग दर मशीननंतर बिघडणं. असंच होतं हे, ती म्हणाली. वरून एक ओरखडा दिसत नाही, रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं, आणि मग एक दिवस मेंदूला जागाच उरत नाही. तिने मोठ्या डॉक्टरांना जेवणावरून उठवलं. सही झाली.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये शेवंती आणि चंदू बसले. दार लागताना शेवंतीने बाहेर उभ्या दोघांकडे बघितलं.

"हे वाचले तर मी तुमच्याशी बोलीन," ती म्हणाली. "नाय वाचले, तर दोघांनी चाळ सोडायची."

७

कवटीला भोक पाडलं तेव्हा आतून काळं, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं रक्त आलं. असं चंदूने परत येऊन सांगितलं. पण काशीरामने डोळे उघडले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तुळशीदास त्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बसून राहायचा. आत जायची त्याची हिंमत नव्हती. रामनाथ ड्युटी सोडून यायचा आणि शेजारी बसायचा. दोघांनी त्या दिवसांत पेपर वाचला नाही की भांडण केलं नाही.

मग एका दुपारी चंदू बाहेर आला. काशीराम पाणी मागत होता, आणि जास्त मागत होता म्हणून शेवंती त्याला शिव्या घालत होती. तुळशीदास फाटकाच्या गजांना धरून रडला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, याचं कोणीतरी गेलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काशीरामला खुर्चीत बसवून चौघांनी टेकडीवर चढवला. डोक्यावर एक केस नाही, उजव्या बाजूला टाके, डावा हात मांडीवर लुळा. मशीन सुटलेलं नव्हतं, ते सुटणारही नव्हतं. आता मशीनवर ते औषध जपून, अगदी थोडं. पुढच्या अष्टमीचं डॉक्टरने काही कबूल केलं नव्हतं.

पैज सगळे विसरले असतील, अशी तुळशीदासला आशा होती. रामनाथ तर म्हणाला की सोडून दे. पण शेवंती गॅलरीत उभी राहिली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"धोंडिरामदादा, वस्तरा घेऊन चौकात या. माझ्या घोवाच्या नावाने पैज लागली होती. हरलेल्याने बसायचं."

पाट मांडला. चाळ जमली. मंजुळा सगळ्यात पुढे, कमरेवर हात ठेवून. तुळशीदास येऊन बसला, आणि त्याने तुऱ्यावरून एकदा हात फिरवून घेतला. आणि मग शेजारी दुसरा माणूस येऊन बसला. रामनाथ. तू तर जिंकलास रे, कोणीतरी म्हणालं. रामनाथने डोक्यावरची टोपी काढली.

धोंडिरामने पाणी मागितलं. पण नळ सकाळीच गेलेला, आणि दसऱ्याच्या साफसफाईत सगळ्यांनी पिंपं उपडी घातलेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोरडं करू काय, धोंडिराम म्हणाला, आणि लोक हसले.

वर गॅलरीतून पेला कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. काशीरामने उजव्या हाताने त्याचा पितळी पेला पुढे धरला होता. दिवसभराच्या पाण्यातलं अर्ध्याहून जास्त त्यात शिल्लक होतं.

"काय करताय?" शेवंती ओरडली. "मग रात्री घसा सुकला की माझ्या नावाने ओरडाल."

काशीरामची जीभ अजून जड होती. एकेक शब्द ओढत ओढत तो म्हणाला, "ह्या पाणी माझ्या वाट्याचा. कोणाक देवचा ता माझा मी बघतलंय."

चंदू पेला खाली घेऊन आला. धोंडिरामने त्यात बोटं बुडवली आणि एक थेंब जमिनीवर न सांडता दोन्ही डोकी भिजवली. तुळशीदासच्या कानामागून एक ओघळ मानेपर्यंत आला. तो त्याने पुसला नाही.

वस्तरा उघडला. तेवढ्यात वरून काशीरामचा आवाज परत आला, तसाच ओढत, पण आता त्यात काहीतरी जुनं, गिरणीच्या दिवसांतलं होतं.

"धोंड्या, डावीकडसून सुरू कर."